खाल्लं तेव्हा काही नाही, धावल्यावर झालं: गव्हाची आणि व्यायामाशी जोडलेली ॲलर्जी

गव्हाची ॲलर्जी म्हटलं की घास पोटात जातो न जातो तोच ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. लहान मुलांत ते बहुतेकदा खरंही असतं. मोठ्या माणसांत मात्र एक फसवा प्रकार आढळतो. माणूस वर्षानुवर्षं रोज गहू खातो, त्याला काही होत नाही. मग एके दिवशी खाऊन तासाभराने तो धावायला जातो आणि वीस मिनिटांत तळहात खाजतात, अंग लाल होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढच्या आठवड्यात तेच खाऊन तेवढंच धावलं, तर काहीच नाही. साहजिकच संशय गव्हावर जात नाही. ऊन लागलं, पाणी कमी पडलं, पित्त उठलं, अशी कारणं हाताशी असतातच, आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं.

या प्रकाराला गहू-आधारित व्यायामजन्य ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ॲनाफिलॅक्सिस म्हणजे अंगभर पसरणारी, जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची प्रतिक्रिया. अन्न आणि व्यायाम या जोडीने आलेली अशी प्रतिक्रिया वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा नोंदली गेली ती १९७९ मध्ये, कवचधारी समुद्री अन्न खाऊन धावणाऱ्या माणसाच्या बाबतीत. गव्हातलं यामागचं मुख्य प्रथिन, ओमेगा-५ ग्लायडिन, फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं. आज त्याची रक्ततपासणी होते. पण ती तपासणी कुणाची करायची हे रुग्णाने सांगितलेल्या वेळांवरूनच ठरतं. काय खाल्लं, किती वाजता, नंतर काय केलं, हे जितकं नेमकं सांगाल तितकं निदान लवकर होईल.

‘गहू सोसत नाही’ म्हणजे नेमकं काय

या एका वाक्याखाली निदान तीन वेगळे आजार येतात आणि त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

खरी ॲलर्जी आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते. ती वेगाने येते: खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून दोन तासांत, आणि व्यायामाची जोड असेल तर खाल्ल्यापासून चार तासांपर्यंत. लक्षणं म्हणजे गांधी, सूज, उलटी, घरघर, रक्तदाब उतरणं. सीलिएक हा वेगळा, स्वप्रतिकारक आजार. त्यात ग्लुटेनमुळे (गव्हातल्या प्रथिनांचा मोठा गट) लहान आतड्याचं अस्तर हळूहळू झिजतं. जुलाब, वजन घटणं, रक्तक्षय अशा तक्रारी महिनोनमहिने चालतात, पण त्यातून सहसा एकाएकी जीव धोक्यात येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे या दोन्ही तपासण्या नकारात्मक येऊनही गव्हाने पोट फुगणं, जडपणा येणं. त्याला अजून खात्रीची चाचणी नाही. याशिवाय पिठाची धूळ श्वासात जाऊन होणारा बेकरी कामगारांचा दमा आहे. तिथे त्रास खाण्याने नव्हे, हुंगण्याने होतो.

नवख्यांची इथे एक चूक हमखास होते. पोटाच्या तक्रारी असतात, कुणीतरी सांगतं, म्हणून गहू बंद केला जातो आणि दोन-तीन महिन्यांनी सीलिएकची तपासणी होते. ती तपासणी (टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए) अंगातल्या प्रतिपिंडांवर अवलंबून असते आणि ग्लुटेन बंद केलं की हे प्रतिपिंड ओसरतात. अहवाल नकारात्मक येतो, आजार मात्र तसाच राहतो. म्हणून सीलिएकची शंका असेल तर रक्त देऊन होईपर्यंत गहू चालू ठेवा. पण गव्हाने एकदाही श्वास अडकला असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर हा नियम तुम्हाला लागू नाही. तुम्ही गहू थांबवा आणि तपासणीचा क्रम डॉक्टरांना ठरवू द्या.

व्यायाम इथे काय करतो

गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ते १२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यातली सुमारे ८० टक्के म्हणजे ग्लुटेन. ग्लुटेनचे दोन मोठे गट: ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. ओमेगा-५ ग्लायडिन पचनाला चिवट असतं, त्यामुळे त्याचे बऱ्यापैकी मोठे तुकडे आतड्यापर्यंत पोचतात. विश्रांतीत त्यांतले थोडेच रक्तात उतरतात. व्यायामात आतड्याचं अस्तर जास्त झिरपू लागतं, रक्ताचा ओघ बदलतो, आणि जे तुकडे एरवी आत आले नसते ते रक्तात येतात. ॲस्पिरिन आणि त्या जातीची वेदनाशामकं हेच काम गोळीने करतात, मद्यसुद्धा. ताप, अपुरी झोप, मासिक पाळीचे दिवस, फार उष्ण किंवा फार थंड हवा यांनीही प्रतिक्रिया उठण्याची पातळी खाली येते.

पातळी हा शब्द इथे महत्त्वाचा. प्रत्येक रुग्णाची एक मर्यादा असते, आणि ती गव्हाचं प्रमाण, व्यायामाचा जोर आणि बाकीचे घटक यांच्या बेरजेने ओलांडली जाते. एक तुकडा ब्रेड आणि चालणं चालून जातं; तीन तुकडे, एक वेदनाशामक गोळी आणि चढावर धावणं यांची बेरीज मर्यादेपलीकडे जाते. आजार लहरी वाटतो तो यामुळेच. काही रुग्णांना पुष्कळ गहू आणि एक गोळी एवढ्यानेही, जागचं न हलता, प्रतिक्रिया आलेली आहे. त्यामुळे नावात व्यायाम असला तरी ‘मी व्यायाम करत नाही, म्हणजे हे माझं नव्हे’ असं धरून चालू नका.

वेळांची वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी हे काम पूर्ण करा. वहीत किंवा फोनमध्ये, प्रतिक्रियेच्या आधीच्या सहा तासांतलं सगळं, घड्याळासकट. नमुन्यादाखल एक पान असं दिसेल:

६:५० ब्रेडचे ३ तुकडे, १ केळं
७:०५ डोकं दुखत होतं, आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम
८:०० धावायला सुरुवात, थंडी, चढाचा रस्ता
८:२५ तळहात, तळपाय आणि डोक्याची त्वचा खाजू लागली
८:३० पोटावर, मांड्यांवर नाण्याएवढ्या गांधी, धावणं चालूच
८:३८ पोटात कळ, अंधारी, खाली बसलो
९:२० गांधी ओसरायला लागल्या
आदल्या रात्री ४ तास झोप. सर्दी नाही.

अनुभवी डॉक्टर या पानावर चार गोष्टी लगेच हेरतात. गहू आणि व्यायाम यांत सत्तर मिनिटांचं अंतर. मध्ये वेदनाशामक. खाज तळव्यांपासून सुरू झाली, ही ॲनाफिलॅक्सिसची ओळखीची सुरुवात आहे. आणि ८:२५ ते ८:३८ ही तेरा मिनिटं, ज्यांत थांबायला हवं होतं पण पाय चालतच राहिले. नुसतं ‘सकाळी धावताना ॲलर्जी झाली’ असं सांगितलं असतं, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

काही न झालेले दिवसही लिहा: त्या दिवशी किती गहू, किती वेळाने व्यायाम. निदानाला ही पानं तितकीच उपयोगी पडतात, कारण त्यांवरून तुमची मर्यादा कुठे आहे याचा अंदाज येतो. आवेष्टित अन्न असेल तर मागच्या घटकयादीचा फोटो काढून ठेवा. गांधींचाही काढा, शेजारी नाणं किंवा बोट ठेवून. गांधीचा आकार हा पुरावा आहे, आणि डॉक्टरांसमोर बसेपर्यंत त्या गेलेल्या असतात.

आकार का, तर ॲनाफिलॅक्सिससारखे भासणारे दुसरे त्रास ओळखायला. अंग तापलं की येणाऱ्या उष्णताजन्य पित्तात गांधी टाचणीच्या डोक्याएवढ्या, एक ते तीन मिलिमीटरच्या असतात आणि त्या गरम पाण्याच्या अंघोळीनेही येतात, गहू खाल्लेला असो वा नसो. व्यायामाचा दमा बहुधा व्यायाम थांबवल्यावर पाच-पंधरा मिनिटांत जोर धरतो आणि त्यात त्वचेवर काही दिसत नाही. साधी भोवळ आली तर माणूस पांढराफटक पडतो, नाडी संथ होते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी सहसा वेगाने धावते. कुठल्याही अन्नाशिवाय निव्वळ व्यायामाने येणारा ॲनाफिलॅक्सिसही असतो, आणि तो गव्हाच्या प्रकारापासून वेगळा काढायला वहीइतकं दुसरं साधन नाही.

थोडं भाषेबद्दल. अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो आणि छातीत जळजळलं तरी ‘पित्त झालं’ म्हणतो. या एका शब्दापायी गांधींवर आम्लविरोधी गोळी घेणारे कमी नाहीत. गांधींवर तिचा काही उपयोग नाही. उलट जठरातलं आम्ल कमी झालं की प्रथिनं अर्धवट पचतात, आणि इथे नेमकं तेच नको आहे. डॉक्टरांशी बोलताना ‘पित्त’ हा शब्द टाळा. त्वचेवर काय दिसलं ते सांगा.

प्रतिक्रिया चालू असताना रुग्णालयात पोचलात तर

एक तपासणी आग्रहाने मागा: ट्रिप्टेज. ॲलर्जीच्या पेशींतून (मास्ट पेशींतून) रसायनं बाहेर पडली की हे द्रव्य रक्तात वाढतं आणि काही तासांत उतरतं. लक्षणं सुरू झाल्यापासून एक ते दोन तासांत रक्त काढलं तर उत्तम. चार तासांनंतर ते उतरणीला लागलेलं असू शकतं. मग पूर्ण बरं वाटू लागल्यावर, किमान २४ तासांनी, दुसरा नमुना. हिशोब असा: नेहमीच्या पातळीला १.२ ने गुणा आणि २ मिळवा. नेहमीची पातळी ५ असेल तर ८. त्या वेळचा आकडा ८ किंवा जास्त आला असेल, तर झालेला प्रकार ॲनाफिलॅक्सिस होता याला बळकटी मिळते. एकट्या पहिल्या आकड्यावर समाधान मानू नका. प्रयोगशाळेच्या ‘सामान्य’ कक्षेत बसणारा आकडाही तुमच्यापुरता वाढलेला असू शकतो. आणि नेहमीचीच पातळी जास्त निघाली, तर मास्ट पेशींच्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. ट्रिप्टेज सामान्य आलं म्हणून मात्र ॲनाफिलॅक्सिस नव्हताच असं होत नाही. अन्नाच्या ॲलर्जीत ते पुष्कळदा फारसं वाढत नाही. उपचार थांबवून या तपासणीची वाट बघायची नाही, हे सांगायला नकोच.

तपासण्या आणि त्यांचे सापळे

त्वचेवरची टोचणी ही सहसा पहिली. हातावर अर्काचा थेंब, त्यातून हलकी टोच, पंधरा-वीस मिनिटांनी उठलेला फुगवटा मोजतात. नुसत्या द्रावणाच्या टोचणीपेक्षा तो ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठा असेल तर सकारात्मक. ॲलर्जीच्या गोळ्या, म्हणजे अँटीहिस्टामिन, बहुधा पाच ते सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर टोचणी खोटी नकारात्मक येते. सर्दीच्या मिश्रगोळ्यांतही अँटीहिस्टामिन असतं, ते विसरू नका.

गव्हाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. बाजारातले बरेचसे तयार अर्क पाण्यात किंवा क्षारद्रावणात बनवतात आणि ग्लायडिन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणजे ज्या प्रथिनामुळे धावताना कोसळायला झालं, तेच अर्कात पुरेसं नसतं. टोचणी नकारात्मक, रुग्णाला ‘गव्हाचा संबंध नाही’ असं सांगितलं जातं, आणि पुढची प्रतिक्रिया ठरलेलीच. इतिहास जुळत असेल तर डॉक्टर थेट पिठाच्या किंवा ग्लुटेनच्या लगद्याने टोचणी करतात.

रक्तातही तेच. ‘गहू-आयजीई’ ही सरसकट तपासणी दोन्ही बाजूंनी फसवते. गवताच्या परागांची ॲलर्जी असलेल्या पुष्कळांना ती खोटी सकारात्मक येते, कारण गहूही गवतच. ते लोक गहू निवांत खात असतात. आणि व्यायामाशी जोडलेल्या प्रकारात ती अगदी कमी किंवा नकारात्मक येऊ शकते. म्हणून ओमेगा-५ ग्लायडिनची स्वतंत्र तपासणी मागा. अहवालात ती ‘ट्राय ए १९’ या नावानेही दिसते. या प्रकारच्या बहुतेक प्रौढ रुग्णांत ती सकारात्मक असते, सगळ्यांत नाही. काहींची प्रतिक्रिया ग्लुटेनिनविरुद्ध असते, तर काहींची ‘ट्राय ए १४’ या चरबीवाहक प्रथिनाविरुद्ध. तेव्हा इतिहास पक्का असेल तर एका नकारात्मक आकड्यावर प्रकरण मिटवू नका. आकड्याचं एकक किलोयुनिट प्रति लिटर. ०.३५ ही परंपरागत सीमा, नव्या यंत्रांवर ०.१ पर्यंत मोजता येतं. आकडा मोठा म्हणजे प्रतिक्रिया तितकीच मोठी, असं गणित नसतं.

‘शंभर पदार्थांची आयजीजी चाचणी’ असं काही सुचवलं गेलं तर पैसे वाचवा. एखादं अन्न आपण खातो म्हणून त्याचे आयजीजी प्रतिपिंड तयार होतात. त्यांचा ॲलर्जीशी संबंध नाही.

शेवटचा उपाय म्हणजे खाऊन बघण्याची चाचणी: ठरावीक मात्रेत गहू किंवा ग्लुटेनची पूड, मग धावपट्टी (ट्रेडमिल), लागल्यास ॲस्पिरिनसह. ही रुग्णालयातच, शिरेत सुई लावून, ॲड्रेनॅलिन (ॲनाफिलॅक्सिसवरचं पहिलं औषध) तयार ठेवून करायची असते. घरी ‘बघू तरी’ म्हणून खाऊन धावणं हा प्रयोग नव्हे, जुगार आहे. आणि रुग्णालयातली चाचणी नकारात्मक आली तरी ॲलर्जी नाही असं सिद्ध होत नाही. मैदानातली थंडी, झोपमोड, तासाभराचा चढ हे सगळं धावपट्टीवर आणता येत नाही.

ॲड्रेनॅलिन: हे आधी शिका, बाकी नंतर

निदान पक्कं व्हायची वाट न बघता, नुसत्या दाट संशयावरही, डॉक्टर ॲड्रेनॅलिन जवळ बाळगायला सांगू शकतात. त्वचेच्या लक्षणांबरोबर श्वासाचा त्रास किंवा रक्तदाब उतरल्याची चिन्हं (अंधारी, गळाल्यासारखं होणं) दिसली तर तो ॲनाफिलॅक्सिस. ॲलर्जी ठाऊक असलेल्या माणसात त्वचेवर काहीही न दिसता नुसता घसा आवळला, घरघर लागली किंवा तो कोसळला, तरीही. गांधी नाहीत म्हणून थांबू नका.

क्रम असा:

१. जिथे आहात तिथे थांबा. चालत घरी जायचं नाही, ‘हळूहळू चालून बघतो’ नाही.

२. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. ऑटो-इंजेक्टर (मात्रा आधीच भरलेलं, दाबलं की टोचणारं उपकरण) असेल तर कपड्यांवरूनही चालतं. तेवढा खिसा रिकामा आहे ना ते बघा. आत किती सेकंद दाबून धरायचं ते प्रत्येक उपकरणावर लिहिलेलं असतं. मोठ्यांसाठी सहसा ०.३ मिलिग्रॅमचा, लहान मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅमचा, वजनाची सीमा डॉक्टर सांगतील. काही उपकरणं ०.५ मिलिग्रॅमचीही असतात.

३. आडवे व्हा, पाय उंचावर. श्वासाला फार त्रास असेल तर पाय लांब करून बसा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर.

४. आपत्कालीन सेवेला फोन. ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द उच्चारा.

५. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल किंवा लक्षणं परतली तर दुसरं इंजेक्शन. म्हणून जवळ नेहमी दोन ठेवायची.

तिसरा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण बरं वाटतंय म्हणून एकदम उठून उभं राहिल्यावर मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, उभं राहताच हृदयाकडे परतणारं रक्त जवळजवळ थांबतं. रुग्णाला स्ट्रेचरवरूनच न्यावं.

ऑटो-इंजेक्टर मिळत नाहीत तिथे डॉक्टर १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज देतात. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५. म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर, ६० किलोच्या माणसाला ०.५ मिलिलिटर. हा आकडा ठळक अक्षरांत डब्यावर चिकटवा, कारण घाबरलेल्या माणसाला भागाकार येत नाही. आणि ॲम्प्यूल फोडून औषध भरायचा सराव परिचारिकेसमोर दोन-तीनदा करून घ्या.

हात थरथरणं, छाती धडधडणं हा इंजेक्शनचा अपेक्षित परिणाम आहे, थोड्या वेळात ओसरतो. अँटीहिस्टामिनची गोळी खाज कमी करते; घसा उघडत नाही, रक्तदाब चढवत नाही. गोळी घेऊन वाट बघत बसणं ही सर्वांत घातक दिरंगाई. व्यायामाआधी खबरदारी म्हणून ती घेण्याचाही भरवसा नाही: प्रतिक्रिया खात्रीने टळत नाही, आणि तळव्यांची ती पहिली खाज, म्हणजे थांबायची सूचना, तेवढी झाकली जाऊ शकते. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहा. काहींना सगळं शांत झाल्यावर दुसरी लाट येते.

उपकरण खोलीच्या तापमानाला ठेवा, २० ते २५ अंश. फ्रिजमध्ये नाही आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नाही. खिडकीतून दिसणारं द्रावण गढूळ किंवा तपकिरी झालं असेल तर बदला. अमेरिकेत २०२४ पासून नाकात मारायचा ॲड्रेनॅलिनचा फवाराही मान्य झाला आहे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर ते आत्ताच डॉक्टरांना सांगा, कारण त्याने ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी होतो.

रोजचा सांभाळ

गहू पूर्ण सोडायचा की फक्त व्यायामाच्या आसपास? साध्या गव्हाच्या ॲलर्जीत उत्तर सरळ आहे: पूर्ण. व्यायामाशी जोडलेल्या प्रकारात डॉक्टर दोन्ही मार्ग सुचवतात. प्रतिक्रिया मोजक्या असतील, जोड घटक स्पष्ट असेल आणि तुम्ही शिस्तीचे असाल, तर वेळेचा नियम पुरतो: व्यायामाआधी चार ते सहा तास गहू नाही, व्यायाम संपल्यावर किमान एक तास नाही. ज्यांचं काम अंगमेहनतीचं आहे, ज्यांना विश्रांतीतही एकदा त्रास झालाय, किंवा ज्यांची प्रतिक्रिया फार जोरदार होती, त्यांनी पूर्ण सोडणं शहाणपणाचं. बस पकडायला मारलेली धाव, घर हलवताना उचललेली खोकी, लग्नातला नाच. व्यायाम वेळापत्रक बघून येत नाही.

पहाटे व्यायाम करणाऱ्यांना वेळेचा नियम सोपा जातो: रिकाम्या पोटी किंवा गहू नसलेलं काहीतरी खाऊन. संध्याकाळी धावणाऱ्यांनी दुपारच्या जेवणातून गहू काढायचा, कारण १ वाजताचं जेवण आणि ५ ची धाव यांत चारच तास उरतात.

जोड घटकांपैकी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही नावं पाठ करा. ती घेतली त्या दिवशी गहू नाही, मग व्यायाम असो वा नसो. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. हृदयासाठी रोज लहान मात्रेत ॲस्पिरिन घेत असाल तर ते स्वतःहून बंद करू नका. अशा वेळी गहूच पूर्ण सोडावा लागतो, आणि तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

घटकयादीत गहू अनेक नावांनी येतो: मैदा, रवा, दलिया, कोंडा, गव्हाचा अंकुर, ग्लुटेन, ड्युरम, स्पेल्ट, खपली, बल्गर, कुसकुस, सेइतान. ‘जुना’ किंवा ‘मूळ’ गहू म्हणून विकले जाणारे प्रकारही गहूच. ट्रिटिकेल हा गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांचा संकर. सॉस, घट्ट सूप, सॉसेज, तळणाचं आवरण, बिअर इथे नजर ठेवा. सातू (जव, बार्ली) आणि राय यांतली काही प्रथिनं ओमेगा-५ ग्लायडिनशी इतकी मिळतीजुळती असतात की काही रुग्णांना तीही बाधतात. तुमच्यासाठी चालतात का ते विचारून घ्या.

‘ग्लुटेनमुक्त’ आणि ‘गहूमुक्त’ हे दोन शब्द एक नव्हेत. ग्लुटेनमुक्त म्हणजे अनेक देशांच्या नियमांत किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन. त्यात धुतलेला गव्हाचा स्टार्च असू शकतो. सीलिएकच्या रुग्णाला तो चालतो. पण ज्याची ॲलर्जी ग्लुटेनबाहेरच्या प्रथिनांची आहे, त्याला त्यातला अंश बाधू शकतो. उलट गहूमुक्त पाकिटात सातू बिनदिक्कत असू शकतो.

त्वचेवरून जाणारा गहूही धडा शिकवून गेला आहे. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात जलविघटित गहू प्रथिन होतं. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली, कित्येकांना व्यायामानंतर प्रतिक्रिया आल्या, आणि २०११ मध्ये तो साबण परत मागवावा लागला. तेव्हा साबण, शाम्पू, क्रीमच्या यादीतही ‘जलविघटित गहू प्रथिन’ शोधा, विशेषतः कातडी फुटलेली असताना.

व्यायाम सोडायचा नाही. एकट्याने जाऊ नका, निदान पहिले काही महिने. सोबत्याला इंजेक्शन कुठे आहे आणि कसं द्यायचं ते दाखवा. फोन चार्ज केलेला, इंजेक्शन अंगावर, गाडीच्या डिकीत नव्हे. मुलांच्या बाबतीत हीच माहिती खेळाच्या शिक्षकांना लेखी द्या. तळवे खाजले, अंग गरम वाटलं, की त्या क्षणी थांबायचं. शर्यतीत शेवटचे दोनशे मीटर उरले असले तरी.

पुढची भेट

साध्या गव्हाच्या ॲलर्जीची मुलं बहुतेक वेळा मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात, म्हणून त्यांची दर वर्ष-दीड वर्षाने फेरतपासणी हवी. विनाकारण वर्षानुवर्षं गहू बंद ठेवण्यात पोषणाचंही नुकसान आहे. मोठेपणी जडलेला व्यायामाचा प्रकार सहसा टिकून राहतो. ओमालिझुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली. चुकून पोटात गेलेल्या अन्नाची प्रतिक्रिया सौम्य करणं एवढाच त्याचा उद्देश. ते घेतलं म्हणून गहू मोकळेपणी खाता येत नाही, आणि चालू प्रतिक्रियेत त्याचा उपयोग नाही.

भेटीला जाताना वही, घटकयाद्यांचे फोटो आणि सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी घ्या, ‘कधीमधी’ घेतलेल्या डोकेदुखीच्या गोळीसकट. इंजेक्शनवरची मुदत बघा. मुदत संपायच्या महिनाभर आधी नवं आणा, आणि सुई नसलेलं सरावाचं उपकरण मागून घेऊन घरातल्या प्रत्येकाला ते एकदा स्वतःच्या मांडीवर दाबून बघायला लावा.